स्वस्त पटाशी चालेल, स्वस्त गुण्या चालणार नाही

तुमचा प्रश्न मला असा समजला. ठाण्यातील सदनिकेच्या बाल्कनीत चार फूट बाय आठ फूट जागा आहे, हाताशी २०,००० रुपये आहेत आणि मुलीसाठी पुस्तकांचे कपाट व दोन-तीन स्टुले स्वतः करायची इच्छा आहे. एका बाजूला थोडक्या पैशांत शंभराहून अधिक नगांची हत्यारपेटी मिळते, तर दुसऱ्या बाजूला एकट्या परदेशी रंध्याची किंमत तुमच्या संपूर्ण रकमेच्या पुढे जाते, त्यामुळे निर्णय अडला आहे. शिवाय गावाकडच्या एका वयस्कर सुतारकाकांनी त्यांचा जुना लोखंडी रंधा तुम्हाला देऊ केला आहे, तो घ्यावा की नाही हेही तुम्ही विचारले आहे.

मी कोल्हापुरात फाउंड्र्यांना लागणारे लाकडी पॅटर्न करतो आणि या कामाला आता २८ वर्षे झाली. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी वाळूत साचा उमटवण्यासाठी केलेला लाकडी नमुना. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि वाळूतून तो अलगद सुटावा यासाठी त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. हे सांगण्याचे कारण असे की हत्यारांविषयीचे माझे मत बारीक मापांच्या कामातून तयार झाले आहे. रोज दरवाजे आणि चौकटी बसवणाऱ्या मिस्त्रीचे मत वेगळे असू शकेल आणि त्याच्या कामाच्या दृष्टीने ते योग्यही असेल.

माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न स्वस्त आणि महाग यांच्यामधला नाही. हत्याराच्या किमतीत मुख्यतः तीन गोष्टींचे पैसे असतात: पोलाद, त्या पोलादाला तापवून-थंड करून दिलेले पाणी, आणि शेवटचे घासकाम व तपासणी. कारखान्याला किंमत उतरवायची असते तेव्हा पहिली कात्री बहुधा या शेवटच्या टप्प्याला लागते, कारण त्यात कुशल माणसाचा वेळ सर्वाधिक जातो. म्हणून मी प्रत्येक हत्यार हातात घेतल्यावर एवढेच पाहतो की कारखान्याने जे काम अर्धे सोडले आहे, ते मला घरी, माझ्या हातांनी, पुरे करता येईल का. करता येत असेल तर स्वस्त हत्यार घेऊन उरलेली किंमत वेळेच्या रूपाने भरता येते. करता येत नसेल, तर ते हत्यार कितीही स्वस्त असले तरी मी ते घेत नाही.

पटाशीचे, म्हणजे लाकूड तासून खाचा पाडण्याच्या हत्याराचे, उदाहरण घ्या. बाजारातील साध्या पटाशीत दोन दोष हमखास आढळतात. तिची पाठ सपाट नसते, आणि यंत्रावर घाईने घासल्यामुळे धारेकडचा भाग कधी कधी तापून नरम पडलेला असतो. साधे कार्बन पोलाद २०० ते २३० अंश सेल्सियसच्या आसपास गवताच्या पिवळसर रंगाचे दिसते आणि ३०० अंशांच्या सुमारास निळे होते. धारेवर असा निळा डाग दिसला की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. मात्र हा दोष बहुधा टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरपुरताच असतो. त्यामुळे नवी पटाशी पहिल्या आठवड्यात धार धरत नाही म्हणून ती टाकून देऊ नका. तेवढा भाग दगडावर घासून संपवा आणि मग तिची परीक्षा करा. माझ्या पेटीत अशा काही पटाश्या आहेत, ज्या पहिल्या महिन्यात निरुपयोगी वाटल्या होत्या आणि आज मी त्या रोज वापरतो. संपूर्ण पातेच नरम असेल तर मात्र इलाज नाही. ते ओळखण्यासाठी चांगली बारीक कानस धारेजवळच्या कडेवर हलकेच फिरवून पाहा. कानस सहज चावून कीस काढत असेल तर ती पटाशी परत करावी. कानस बरीचशी घसरत असेल तर पोलादात जीव आहे. चांगल्या पटाशीची कठिणता रॉकवेल मापावर ५८ ते ६२ च्या दरम्यान असते आणि कानस त्याहून थोडी अधिक कठीण असते, म्हणून ही साधी परीक्षा उपयोगी पडते.

तुम्हाला सुरुवातीला दोन सुती, चार सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि एक इंची अशा तीनच पटाश्या पुरतील. प्रत्येकीची पाठ धारेपासून एक इंचापर्यंत आरशासारखी सपाट करा. संपूर्ण लांबी घासण्याची गरज नसते. मुख्य उतार २५ अंशांचा ठेवा आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक दुसरी धार द्या. पहिल्यांदा एका पटाशीला दीड-दोन तास लागतील. तेवढ्या वेळात धारेविषयी जे कळते, ते महागड्या पटाशीच्या खोक्यातून मिळत नाही, आणि महागड्या पटाशीची धार तरी शेवटी तुम्हालाच लावायची असते.

येथे लाकडाचाही विचार करायला हवा. सागवानात नैसर्गिकरीत्या सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. प्लायवुडच्या थरांमधला गोंदही तसाच धारेचा शत्रू आहे. तुम्ही पाइनवर काम करणार असाल तर साध्या आणि उंची पटाशीतला फरक तुम्हाला क्वचितच जाणवेल. सलग सागवानावर काम करणार असाल तर उंची पोलादाची धार जास्त वेळ टिकते, हे खरे आहे. पण ‘ए-टू’सारखे मिश्र पोलाद साध्या दगडावर घासायला वेळ लावते आणि फार निमुळत्या धारेला त्याचे कण तुटतात, म्हणून त्याला ३० अंशांच्या खाली सहसा नेत नाहीत. घरी आठवड्यातून तीन-चार तास काम करणाऱ्याला दोनदा जास्त धार लावावी लागली तर त्याचे काही बिघडत नाही, म्हणून पटाशीवर मोठी रक्कम घालू नये असेच मी सांगेन.

रंध्याच्या बाबतीत मात्र माझे उत्तर इतके सरळ नाही, आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. उमेदवारीच्या काळात मी पहिल्या कमाईतून एक स्वस्त लोखंडी रंधा घेतला. तो चालवला की लाकडावर लाटा उमटत, गाठीजवळ रेषा उचकटत आणि तोंडात कीस अडकून बसे. तीन महिने मी माझ्या हातालाच दोष देत राहिलो. एके दिवशी शेजारच्या मिस्त्रींनी त्यांचा रंधा माझ्या हातात दिला आणि त्याच फळीवर चालवायला सांगितले. अखंड, पातळ, फळीच्या लांबीएवढा कीस वर आला. हात तोच होता, फळी तीच होती. त्यानंतर मी माझा रंधा उजेडात धरून तपासला. तळ मधोमध खोलगट होता, पाते त्याच्या बैठकीवर नीट टेकत नव्हते आणि पात्यावरच्या चिपेची, म्हणजे कीस मोडण्यासाठी पात्यावर बसवलेल्या लोखंडी पट्टीची, कड पात्याला पुरती भिडत नसल्याने त्या फटीत कीस शिरत होता. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तळ घासला, बैठक कानशीने सारखी केली, चिपेची कड दगडावर घासून पात्याला भिडवली. त्याला एक संपूर्ण रविवार लागला. तो रंधा आजही माझ्याकडे आहे.

या अनुभवातून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. स्वस्त रंधा घरी सुधारता येतो, हे खरे. पण नीट लावलेला रंधा कसा चालतो हे ज्याने कधी अनुभवलेच नाही, त्याला आपल्या रंध्यात काय बिघडले आहे हे कळणार तरी कसे? ली-नील्सन या अमेरिकी किंवा व्हेरिटास या कॅनडाच्या उत्पादकांचे रंधे घेणारा माणूस मुख्यतः याच गोष्टीचे पैसे देत असतो. तळ सरळ, पात्याची बैठक अचूक, पाते जाड, आणि सांगाडा साध्या बिडाऐवजी लवचीक बिडाचा, त्यामुळे हातातून पडला तरी सहसा तडकत नाही. हे रंधे खोक्यातून काढून पात्याला एक हात फिरवला की कामाला लागतात, आणि त्यांच्या गुणवत्तेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही तुमच्या रकमेत ते बसत नाहीत आणि तुमच्या कामाला ते अनिवार्यही नाहीत. तुम्हाला हवा आहे तो अर्धा तास, नीट लावलेला रंधा स्वतःच्या हाताने चालवून पाहण्याचा. तो कोठे मिळेल हे मी शेवटी सांगतो.

आता गुण्या, म्हणजे काटकोन आखण्याचे व तपासण्याचे हत्यार, आणि मापाची हत्यारे. गुण्यात चूक असेल तर ती प्रत्येक कापात, प्रत्येक सांध्यात उतरते, आणि ती घरी सुधारण्यासाठी त्याहून खरा असा दुसरा गुण्या हाताशी असावा लागतो, जो तुमच्याकडे नसतो. दुकानातच त्याची परीक्षा करता येते. सरळ कडेच्या प्लायवुडच्या तुकड्याला गुण्या लावून बारीक पेन्सिलीने रेघ ओढा, मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर गुण्या खरा. टोकाला अंतर पडले तर ते प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. समजा १५० मिलिमीटरच्या पात्यावर अर्ध्या मिलिमीटरचे अंतर दिसले, तर गुण्याची चूक पाव मिलिमीटर. ऐकायला ती क्षुल्लक वाटते, पण ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळीवर तीच चूक एक मिलिमीटर होते. कपाटाच्या दोन्ही बाजूंना ती उलटसुलट आली की दार बसत नाही. लाकडी मुठीचे गुणे पावसाळ्यात फुगून हलतात, म्हणून १५० मिलिमीटरचा संपूर्ण पोलादी गुण्या घ्या. तो परदेशीच हवा असे नाही. यंत्रशाळांना हत्यारे पुरवणाऱ्या दुकानांत, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला, भारतीय बनावटीचे चांगले गुणे मिळतात. चार-पाच नग मागून घ्या आणि वरील परीक्षा करून त्यातला एक निवडा. दुकानदार याला हरकत घेत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

फूटपट्टी आणि टेप यांच्या बाबतीत मी इतका कडक नाही, आणि याचे कारण मला एका चुकीतून समजले. आमच्याकडे आकसमापाची पट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर आकसण्याच्या हिशोबाने एक टक्का मोठा आखलेला असतो. एकदा घरच्या कपाटाची सगळी मापे मी नकळत त्याच पट्टीने घेतली. कपाट उत्तम जुळले, खण सरळ बसले, दार बेताचे लागले. फक्त ९०० मिलिमीटरचे कपाट ९०९ मिलिमीटरचे झाले आणि भिंतीतल्या कोनाड्यात शिरेना. एकाच पट्टीने सगळे मोजले तर पट्टीची चूक वस्तूच्या आत दिसत नाही. म्हणून टेप साधा चालेल, मात्र एका कामात एकच टेप वापरावा. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो म्हणून बरेच जण तो ठोकून घट्ट करतात. तसे कधीही करू नये. तो त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा मुद्दाम हलता ठेवलेला असतो, जेणेकरून आतून आणि बाहेरून घेतलेले माप सारखेच यावे.

स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि पाने यांच्यासाठी मधला वर्ग सर्वांत योग्य आहे आणि आपल्या देशात तो उत्तम मिळतो. स्क्रू ड्रायव्हरचे टोक नरम असेल तर ते स्क्रूच्या खाचेतून निसटते आणि खाच खराब करते. ते टोक घरी पुन्हा कठीण करता येत नाही, म्हणून मोठ्या सेटमधले अनोळखी स्क्रू ड्रायव्हर घेऊ नयेत. अनेक हत्यारांवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा ठसा असतो. तो मिश्रधातूचे नाव सांगतो, त्याला पाणी कसे दिले आहे हे सांगत नाही, त्यामुळे केवळ ठशावर विश्वास ठेवू नये. नाशिकच्या टपारियाची आठ इंची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि घरकामासाठी त्याहून अधिक काही लागते असे मला वाटत नाही. जर्मन बनावटीची पक्कड कित्येक पट महाग असते. तिचे जबडे आणि कापण्याच्या कडा खरोखरच सरस असतात, पण तो फरक दिवसभर तारा कापणाऱ्या वायरमनच्या मनगटाला जाणवतो, महिन्यातून दोनदा खिळा उपटणाऱ्याला जाणवत नाही. पक्कड घेताना तिची कापणारी कड उजेडाकडे धरून मिटवा, फट दिसता कामा नये; मग वहीचा कागद कापून पाहा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. विजेच्या कामासाठी हत्यार घेणार असाल तर त्यावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेले असावे, कारण ती खूण आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार झालेल्या चाचणीची असते. साध्या पकडीच्या मुठीवरचे रंगीत प्लास्टिक हाताला मऊ लागावे म्हणून असते, त्याला विद्युतरोधक समजणे जिवावर बेतू शकते. आणि खूण असली तरी आधी मेन स्विच बंद करावा.

करवत कठीण दातांची, साधी घ्या. तिचे दात कानशीने पुन्हा घासता येत नाहीत, पण बोथट होईपर्यंत ती तुमची दोन कपाटे पुरी करेल. ओढताना कापणारी जपानी करवत बाल्कनीच्या लहान जागेत सोयीची पडते आणि तिचा काप बारीक येतो. तिचे नाजूक दात गाठीत किंवा फार कठीण लाकडात तुटतात, हे मात्र ध्यानात ठेवा. हातोडीत मुठीच्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ गेल्या आहेत ना, एवढे पाहिले की पुरे. मोगरी, म्हणजे पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा, विकत घेऊ नका, बाभळीच्या ठोकळ्यातून स्वतः करा. तुमचा पहिला सांधा तिच्यातच घालून पाहता येईल. क्लॅम्प साधे घ्या, पण चार घ्या.

एवढ्यावरून तुमच्या २०,००० रुपयांची वाटणी मी अशी करेन. सर्वांत आधी ३,००० ते ४,००० रुपये धार लावण्याच्या साहित्यासाठी बाजूला ठेवा: एक दुहेरी दगड, एक अधिक बारीक दगड, जाड काच, पॉलिश पेपर आणि चामड्याचा पट्टा. हा खर्च लोक शेवटी करतात आणि म्हणून त्यांची चांगली हत्यारेही वाईट वाटू लागतात. त्यानंतर गुण्या आणि मापाची हत्यारे, मग तीन पटाश्या, करवत, क्लॅम्प, आणि पक्कड व स्क्रू ड्रायव्हर. यात साधारण १२,००० ते १४,००० रुपयांपर्यंत मजल जाईल. उरलेली रक्कम लगेच खर्च करू नका. पहिले स्टूल पुरे होईपर्यंत तुम्हाला कोणत्या हत्याराने सर्वाधिक छळले ते कळेल, आणि त्या एका हत्याराचा उंची नग तेव्हा घ्या. शंभर नगांच्या पेटीचा विचार सोडून द्या, कारण त्यातल्या ऐंशी नगांचे पैसे तुम्ही कधीही न लागणाऱ्या वस्तूंसाठी देत असता.

ठाण्याच्या दमट हवेत गंज स्वस्त आणि महाग असा भेद करत नाही. काम झाल्यावर हत्यार कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. खोबरेल तेल वापरू नका. ते काही दिवसांनी चिकट होते आणि त्यावर भुसा बसून ओल धरतो. पावसाळ्यात बाल्कनीत पेटी ठेवूच नका, घरात आणा.

राहिला सुतारकाकांचा जुना रंधा. तो जरूर घ्या, पण घेण्याआधी चार गोष्टी पाहा. पात्याच्या तोंडाजवळ आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना बारीक तडा नाही ना, हे उन्हात धरून तपासा. तडा असेल तर नमस्कार करून परत द्या. पात्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर तेथे धार कधीच अखंड येणार नाही, मात्र त्यासाठी रंधा नाकारण्याचे कारण नाही, कारण पाते बदलता येते. पाते पुढे-मागे करणारे चाक आणि बाजूला झुकवणारी दांडी अडकली असतील तर रात्रभर तेलात ठेवल्यावर बहुधा सुटतात. तळावरचा वरवरचा गंज ही काळजीची गोष्ट नाही, तो पॉलिश पेपरने निघतो. आणि पैसे ठरवण्याआधी काकांना विनंती करा की त्यांनी तो स्वतः लावून, तुमच्यासमोर एका फळीवर चालवावा. ते पाते किती बाहेर काढतात, धार लावताना मनगट कसे धरतात, चिप पात्याच्या टोकापासून किती मागे बसवतात हे पाहा, आणि मग त्याच फळीवर अर्धा तास तुम्ही तो चालवा. वर ज्या अर्ध्या तासाविषयी मी लिहिले, तो हाच.